उत्क्रांतिवाद, शाळा आणि न्यायालय

शाळेत विज्ञान म्हणून काय शिकवावे हे बहुमताने, धर्मग्रंथाने की पुराव्याने ठरवावे? अमेरिकेत या प्रश्नाने ऐंशी वर्षे न्यायालये गाजविली. विद्यार्थी मित्रांनी हा लढा अवश्य अभ्यासावा.

१९२५ साली टेनेसी राज्याने कायदा करून, मानव खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सरकारी शाळांत शिकविण्यास बंदी घातली. डेटन येथील शिक्षक जॉन स्कोप्स यांना त्याखाली १०० डॉलर दंड झाला. १९२७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, पण ती केवळ दंड ज्यूरीऐवजी न्यायाधीशाने ठरविला म्हणून! कायदा १९६७ पर्यंत टिकला.

आर्कान्सा राज्यातही असाच कायदा होता. तेथील शिक्षिका सुझन एपर्सन यांच्या नव्या क्रमिक पुस्तकात उत्क्रांतीचा धडा होता. शिकवावा तर गुन्हा, न शिकवावा तर विद्यार्थ्यांशी प्रतारणा. त्या न्यायालयात गेल्या. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये, ही पहिली घटनादुरुस्ती त्यास आधार होती.

बंदी टिकेना, तेव्हा युक्ती बदलली. उत्क्रांती शिकवाल तर ईश्वरनिर्मितीचे 'शास्त्र'ही शिकवा, असा कायदा लुइझियाना राज्याने १९८१ मध्ये केला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. पुढे 'बुद्धिमान रचना' हे नवे नाव आले. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथे ११ पालकांनी त्याविरुद्ध दावा केला. पुरवणी पुस्तकाच्या जुन्या मसुद्यांत ईश्वरनिर्मितीचेच शब्द होते व १९८७ नंतर तेवढे बदलले, हे न्यायालयात उघड झाले. २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला.

ईश्वर आहे की नाही, हे न्यायालयांनी ठरविले नाही. श्रद्धा बाळगण्याची मोकळीक प्रत्येकास आहेच. परंतु सर्वांच्या करातून चालणाऱ्या शाळेत एकाची श्रद्धा विज्ञान म्हणून सर्वांच्या मुलांवर लादता येत नाही, हे या निकालांचे सार होय.

आपल्या राज्यघटनेचे कलम २८ पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणास मनाई करते. कलम ५१क वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य मानते. तरीही २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला व देशभरातील शास्त्रज्ञांनी निषेध केला. म्हणून पालकांनो, मुलांची पाठ्यपुस्तके एकदा स्वतः उघडून पाहा. डोव्हरचे पालकही असेच जागरूक राहिले होते.