नोव्हेंबरात निवृत्ती, आणि दहावीचा वर्ग?

अगं, येत्या नोव्हेंबरात तुला अठ्ठावन्न पूर्ण होतायत, आणि तू दहावीचं गणित मागून घेतलंस म्हणे! रागावू नकोस, पण मोठ्या बहिणीचं थोडं ऐक.

आपल्या राज्यात शाळेतल्या शिक्षकाला ५८ पूर्ण झाली की त्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्ती. वाढदिवस ५ तारखेला असो की २५, तू जाणार ३० नोव्हेंबरला. जन्म १ तारखेचा असेल, तर आदल्याच महिन्याची अखेर. म्हणून तर नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेली मंडळी ३१ मेला, भर सुट्टीत निवृत्त होतात. निरोपाला मुलं नसतात, पण निदान वर्ग तरी पुरा झालेला असतो. तुझं तसं नाही. दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र जेमतेम सुरू होतंय, तोवर तुझा निरोप समारंभ!

उत्तर प्रदेशात शिक्षकांना सत्रलाभ मिळतो, वर्ष संपेपर्यंत थांबता येतं. आपल्याकडे मुलांसाठी कितीही जीव तुटला, तरी १ डिसेंबरला तुला मस्टरवर सही करता येणार नाही. ३० जूनला जाणाऱ्यांच्या, एका दिवसाने हुकणाऱ्या वेतनवाढीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मार्गी लावला. मधेच बाई बदललेल्या वर्गाचं काय, हे मात्र आपलं आपणच बघायचं.

तेव्हा असं कर. बोर्डाचा वर्ग हवाच असेल, तर पुढे तो घेणाऱ्या शिक्षिकेला जूनपासूनच सोबत घे. बीजगणित तू, भूमिती तिने. अंतर्गत गुणांच्या नोंदी दिवाळीआधी पुऱ्या कर. आणि एका वहीत लिहून ठेव: कोणाचं वर्गसमीकरण अडतं, कोणाला येत असूनही फळ्यापाशी पाय लटपटतात. हे कुठल्याच गुणपत्रकात सापडत नाही.

स्वतःचंही बघ. सेवापुस्तक आत्ताच मागून घे. वेतननिश्चितीची पडताळणी, रजेच्या नोंदी, वारसनोंद, सगळं पानन् पान तपास. राहिलेली एक सही पेन्शन महिनोन् महिने अडकवते.

उद्याच मुख्याध्यापकांशी बोल. मार्चमध्ये मुलांना परीक्षेला बसवणारी बाई त्यांना जूनमध्येच भेटली पाहिजे.