गुळगुळीत झालेला स्क्रू: जोर नव्हे, पकड

प्रश्न: स्कूटरच्या इंजिनच्या झाकणाचा स्क्रू स्लिप झाला आहे. थेट ड्रिल मारावे का?

उत्तर: ड्रिल हा शेवटचा उपाय. स्क्रू पोलादी आणि इंजिनचे आवरण अ‍ॅल्युमिनियमचे. दमट, खाऱ्या हवेत या दोन धातूंच्या सांध्यात क्षार साचतात आणि आटे जाम होतात. अशा वेळी नुसता जोर लावला, की स्क्रूड्रायव्हर उसळून खाच खातो. त्यातच जपानी घडणीच्या स्कूटरवरील फुलीच्या खाचेला जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचा बिट लागतो. साधा फिलिप्स तिथे पूर्ण बसत नाही. म्हणून गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्या आणि मग इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. त्याच्या मागच्या टोकावर मारलेला हातोडीचा ठोका बिटला खाली दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो.

ठोक्याने आवरण तडकेल, ही शंका रास्त आहे. म्हणून ठोके मोजके आणि सरळ रेषेतच हवेत. तरीही स्क्रू हलला नाही, तर हीट गनने आवरण तापवा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड सैल होते. पेट्रोलजवळ उघडी ज्योत मात्र नकोच. एवढ्यानेही भागले नाही, तर फक्त डोके ड्रिलने उडवा. झाकण निघाल्यावर उरलेला दांडा व्हाइस ग्रिपने फिरवता येतो आणि आटे वाचतात.