सिंदखेडचे जाधव

मंडळी, जिजाबाईंचे नाव तुम्ही ऐकले आहे. शिवाजी महाराजांच्या त्या मातोश्री. पण त्यांच्या माहेरचे काय झाले, हे ठाऊक आहे का? आज आपण तीच हकीकत वाचू.

बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा हे गाव आहे. तिथे जाधवांचा वाडा होता. त्याच वाड्यात १५९८ साली जिजाबाई जन्मल्या. त्यांचे वडील लखुजीराव जाधव. देवगिरीच्या यादव राजांचे आपण वंशज, असे हे घराणे म्हणे.

लखुजीरावांकडे सिंदखेडची देशमुखी होती. अहमदनगरच्या निजामशाहीत ते मोठे सरदार झाले. पदरी हजारो घोडेस्वार. जाधवांचा शब्द दरबारात वजनदार होता. लेक त्यांनी भोसल्यांच्या घरी, शहाजीराजांना दिली.

पण हे वैभव कशावर उभे होते? जहागिरीवर. जहागीर म्हणजे गावांचा महसूल. तो सुलतानाने नेमून द्यायचा आणि सरदाराने त्यावर फौज पोसायची. घोडे सरदाराचे, पण त्यांची वैरण सुलतानाच्या मर्जीवर! मर्जी फिरली की सगळं गेलं.

पुढे जाधव-भोसल्यांतच वैर आले. कारण काय, तर एक हत्ती. दरबार सुटला होता. बाहेर गर्दी होती. खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसे तुडवू लागला. लखुजीरावांचा मुलगा दत्ताजी हत्तीवर तुटून पडला. शहाजीराजांचे चुलतभाऊ खंडागळ्यांच्या बाजूने धावले. हत्ती राहिला बाजूला, माणसेच एकमेकांवर पडली. संभाजी भोसल्यांनी दत्ताजीला मारले. लखुजीरावांनी संभाजींना मारले. शहाजीराजेही सासऱ्याच्या हातून जखमी झाले. जिजाबाईंनी कुणासाठी रडावे? एकीकडे भाऊ, दुसरीकडे दीर.

आम्ही गावोगावच्या शाळांत शिकवले. बांधावरच्या एका बाभळीपायी सख्खे भाऊ कोर्टात गेलेले आम्ही पाहिले आहेत. बाभूळ वाळून गेली, खटला चालूच राहिला. म्हणून ही हत्तीची गोष्ट आम्हाला जुनी वाटत नाही.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्याशी लखुजीरावांचे पटले नाही. ते मोगलांकडे गेले, पुढे परत आले. पण सुलतानाच्या मनात संशय राहिला. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात लखुजीराव मुजऱ्यासाठी गेले. सोबत मुलगे अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव होते. तिथे दगा झाला. चौघेही मारले गेले. एका घरातल्या तीन पिढ्या एका दिवशी गेल्या.

दौलताबाद म्हणजेच जुनी देवगिरी. जिथे आपले पूर्वज राजे होते असे जाधव म्हणत, तिथेच ते चाकर म्हणून गेले आणि मेले.

उरलेले जाधव मोगलांकडे गेले. धनी बदलला, चाकरी तीच राहिली. शहाजीराजांनीही निजामशाही सोडली. कर्ती माणसे मारणारे राज्य टिकते काय? १६३६ साली निजामशाही बुडाली.

या हत्येनंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले. बाप, भाऊ आणि भाचा यांचे दुःख उरात घेऊन जिजाबाईंनी हा मुलगा वाढवला. दुसऱ्याच्या मर्जीवरचे मोठेपण कसे असते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. पुढे याच कुळातले धनाजी जाधव मराठ्यांचे सेनापती झाले. पण ते स्वराज्याचे सेनापती.

सिंदखेडला लखुजीरावांची समाधी आजही आहे. कधी गेलात तर तिच्यापाशी घटकाभर बसा.

शब्द शिका
महसूल – शेतसारा व इतर सरकारी उत्पन्न
मुजरा – लवून केलेला नमस्कार
दगा – विश्वासघात

विचार करा व लिहा
१. जाधवांचे वैभव कशावर अवलंबून होते?
२. हत्तीच्या भांडणात कोणाचे काय गेले?
३. आपल्या गावात अशा क्षुल्लक कारणावरून वैर आले आहे काय? ते कसे मिटवता येईल?