एकपंखी अग्निबाणाचा पाठ

एकपंखी अग्निबाणाच्या एका टोकास दारूची नळी आडवी बसविलेली असते, तर दुसऱ्या टोकास किंचित तिरका पंख. नळीच्या रेट्याने यान गरगरते व पंख त्यास वर उचलतो. तोल मात्र नाजूक! फ्रान्समधील पापँ व रुईयी यांचे एकपंखी यंत्र १९१५ च्या चाचणीतच अस्थिर ठरले. दारू संपल्यावर हाच पंख फिरत फिरत यानास अलगद खाली आणतो. करी रोडसारख्या दाट चाळवस्तीत पेटती नळी उडविणे सर्वथा अयोग्य. तथापि पाठाचा हा उत्तरार्ध विस्तवाविना दाखविता येतो. शिक्षकाने महोगनीचे पंखधारी बीज गॅलरीतून सोडावे, मुलांनी पटांगणातून पाहावे. पंख कापलेले बीज सरळ खाली येते. दोहोंचा वेळ मोजून फळ्यावर मांडावा.