ओल्या हातांसाठी पॅनल

आमगाव, जि. गोंदिया

चि. भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा नकाशा दोन रात्री समोर घेऊन बसलो. रेषा स्वच्छ आहेत, प्रत्येक वायरला नंबर दिला आहेस, याचा फार आनंद झाला. परदेशातले हौशी लोक घरी बिअर करतात, त्यांच्या पॅनलवरून तू तो घेतलास. आपल्या राज्यात परवान्याशिवाय घरी दारू करणं 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. तुला तर गिरणीत उसना तांदूळ करायचा आहे. पण नमुना चुकीचा नाही. ते सातूचं धान्य 65 अंशांच्या आसपास पाण्यात धरून ठेवतात, आपण धान 70 च्या आसपास. थंड पाण्यात धान दोन-तीन दिवस भिजतं आणि आंबूस वास धरतं. गरम पाण्यात तेच काम तीन-चार तासांत होतं. वाफ देणं आणि वाळवणं पुढचं, त्याचा या पॅनलशी संबंध नाही.

आधी हिशेब. 200 लिटर पाणी 30 वरून 80 अंशांवर न्यायला साडेअकरा युनिट लागतात. त्यात दीड क्विंटल धान ओतलंस की तापमान आपोआप 70 च्या जवळ उतरेल. तीन किलोवॉटचे तीन हीटर, प्रत्येक फेजवर एक, म्हणजे दर फेजला 13 अँपिअर. सव्वा तासाच्या वर थोडं, हे कागदावर. उन्हाळी धानाला पंप चालू असतात तेव्हा व्होल्टेज 180 वर आलं तर हीटरची ताकद 61 टक्क्यांवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. मग दोन तासांहून जास्त. हा वेळ आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर पॅनल बिघडला म्हणून कुणीतरी पेचकस घेऊन बसेल.

कमी व्होल्टेजचा खरा धोका दुसरा आहे. कॉन्टॅक्टरची कॉइल धड ओढत नाही, खडखडते, आणि शेवटी पॉइंट चिकटतात. मग बटण दाबूनही हीटर बंद होत नाही. म्हणून कंट्रोलचं सर्किट 230 वर ठेवू नकोस. चांगला रुंद रेंजचा, म्हणजे कमी व्होल्टेजवरही चालणारा एसएमपीएस घे आणि कॉइल, बटणं, फ्लोट स्विच, सगळं 24 व्होल्ट डीसीवर ने. त्या पॅनलला हात लावणारी माणसं धान ढवळून, ओल्या हातांनी येणार आहेत. त्यांच्या बोटाखाली 24 व्होल्टच असले पाहिजेत.

नकाशात तू हीटर चालू-बंद करायला तीन एसएसआर आणि पीआयडी कंट्रोलर दाखवलास. मी ते काढायला सांगतो. तुझं भांडं भरलेलं असताना तापमान मिनिटाला अर्धा अंश वाढतं. इतक्या सावकाश गोष्टीला दोन अंशांच्या फरकाने चालू-बंद होणारा साधा कंट्रोलर आणि कॉन्टॅक्टर पुरे. एसएसआर तिन्ही मिळून चाळीसेक वॉट उष्णता पेटीतच सोडतील, आणि मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखाली काय अवस्था असते ते तुला माहीत आहे. शिवाय एसएसआर जळतो तेव्हा बहुतेकदा चालूच राहून जळतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. तुझा नकाशा सगळं नीट चालतं तेव्हाचा आहे. तो एकदा उलट वाच: प्रत्येक वस्तू मेली असं धर आणि हीटर बंद होतो का ते पाहा. तापमान मोजणाऱ्या पीटी-100 ची वायर तुटली तर कंट्रोलर खूप गरम समजून बंद करतो, ठीक. पण उंदराने ती कुरतडून दोन तारा एकमेकींना टेकल्या, तर त्याला पाणी थंड वाटतं आणि तो तापवतच राहतो. गिरणीत उंदीर नसतील असं कुणी म्हणू नये. त्यासाठी 90 अंशांचा वेगळा, हाताने रिसेट करायचा थर्मोस्टॅट लाव. तो आणि पाणी कमी झाल्याचं ओळखणारा फ्लोट स्विच कंट्रोलरला न विचारता थेट मुख्य कॉन्टॅक्टर पाडतील असे जोड. हीटर जाळीच्या खाली असू दे, धानाला टेकता कामा नये.

गळता करंट ओळखून मेन पाडणारा आरसीसीबी चार पोलचा, 30 मिलिअँपिअरचा. याबद्दल एक गोष्ट सांगतो, आजवर तुझ्या आईलाही सांगितली नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका गिरणीत पावसाळ्यानंतर पहिल्याच दिवशी आरसीसीबी सारखा पडत होता. हंगाम तोंडावर, मालक घाईत, आणि मी तो बायपास केला. चार दिवसांनी एका हमालाला टाकीचा शॉक बसला. तो वाचला, पण त्याचा हात महिनाभर थरथरत होता. दोष आरसीसीबीचा नव्हताच. बंद पडून राहिलेल्या हीटरच्या आतली भुकटी ओल धरते आणि करंट गळतो. मेगर लावून इन्सुलेशनचा रोध एक मेगओमच्या खाली आला तर हीटर काढून वाळवायचा. तेवढंच काम होतं, अर्ध्या दिवसाचं. मी ते केलं नाही.

टाकीला, जाळीला, पेटीच्या दारालाही अर्थिंगची वेगळी हिरवी वायर दे. ग्लँड पेटीच्या खालून घे, वरून भुसा आणि पाणी दोन्ही उतरतात. कृषिपंपाच्या जोडणीवर हे चालवू नकोस. नऊ किलोवॉटचा भार रीतसर मंजूर करून घे, वेळ लागला तरी.

दिवाळीनंतर हलकं धान घरात आलं की मी मेगर घेऊन येतो. तोवर पेटी जोडून ठेव, पण मेन चढवू नकोस. आधी कोरड्या टाकीवर फ्लोट हाताने उचलून-सोडून पाहू, मग पाणी भरू.

तुझा,
मामा