कोशिंबिरीला पाणी का सुटतं? (परिसर अभ्यास : इयत्ता चौथी व पाचवी)



मधल्या सुट्टीत मुलांचे डबे एकदा नीट पाहा. पोळी-भाजी संपते, पण कोपऱ्यातली कोशिंबीर तशीच घरी परत जाते. "का रे, का नाही खाल्लीस?" असं विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, ती पाणी पाणी झालीय." आपण लगेच म्हणतो, मुलं नाकं मुरडतात. पण खरं सांगू का? मुलांचं बरोबर असतं. सकाळी सातला कालवलेली कोशिंबीर दुपारी बेचवच लागते. असं का होतं, ते मुलांनाच शोधू द्या.

प्रयोग पहिला : दोन वाट्या

दोन वाट्यांत सारखीच चोचवलेली काकडी घ्या. एकीत अर्धा चमचा मीठ घालून हलवा, दुसरी तशीच ठेवा. 15 मिनिटांनी दोन्ही वाट्या तिरक्या करा. मिठाच्या वाटीत तळाशी पाणी साचलेलं दिसेल.

काकडीत भरपूर पाणी असतं. ते तिच्या लहान लहान पेशींमध्ये साठलेलं असतं. बाहेर मीठ लागलं की आतलं पाणी मिठाकडे ओढलं जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तेही याच कारणाने. साखरेनेही असंच होतं. म्हणून कोशिंबिरीत मीठ-साखर नेहमी शेवटी, खायच्या वेळी घालावी.

बऱ्याच घरी काकडी पिळून पाणी ओतून देतात. त्याबरोबर पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वेही जातात. ते पाणी थालीपिठाच्या पिठात वापरा.

नुसती काकडी आणि कोशिंबीर यात फरक काय?

फरक आहे तो वरून घालायच्या गोष्टींचा. परदेशात सॅलडवर ड्रेसिंग घालतात, तेच काम आपल्याकडे दही, लिंबू, कूट आणि फोडणी करतात. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

• लिंबू : आंबटपणा तर येतोच, शिवाय त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे मोडाच्या मुगातलं लोह शरीराला जास्त मिळतं. हे जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, म्हणून लिंबू गरम फोडणीनंतर पिळा.
• फोडणी : ही फक्त वासासाठी नसते. गाजरातल्या ज्या घटकापासून 'अ' जीवनसत्त्व तयार होतं, तो स्निग्ध पदार्थाबरोबर चांगला शोषला जातो. गाजराच्या कोशिंबिरीला चमचाभर तेलाची फोडणी हवीच.
• दाण्याचं कूट : 100 ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. कूट सुटलेलं पाणीही शोषून घेतं.

प्रयोग दुसरा : बाटली हलवा

पारदर्शक बाटलीत 3 चमचे तेल आणि 1 चमचा लिंबाचा रस घ्या. फ्रेंच पद्धतीच्या ड्रेसिंगमध्ये तेल आणि व्हिनेगरचं साधारण हेच प्रमाण असतं. बाटली जोरात हलवून ठेवा. थोड्याच वेळात तेल वर, रस खाली. आता त्यात अर्धा चमचा मोहरीची पूड घालून पुन्हा हलवा. या वेळी दोन्ही जास्त वेळ एकत्र राहतील. आपल्या आज्या काकडीच्या रायत्यात मोहरी फेसून घालायच्या, ती मात्र झणक्यासाठी. मोहरी पाण्यात वाटली की तिचा तिखटपणा बाहेर येतो.

मुलांनी वर्गात करायची खमंग काकडी

1 मध्यम काकडी, 2 मोठे चमचे कूट, अर्धं लिंबू, अर्धा चमचा साखर, पाव चमचा मीठ, चवीला मिरची. तूप-जिऱ्याची फोडणी शिक्षकांनी घालावी. ज्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत त्याच्यासाठी ओलं खोबरं वापरा. पालकांना आधी विचारून घ्यायला विसरू नका.

"तुमच्या घरी काय घालतात?" हेही विचारा. कुणी दही सांगेल, कुणी ओलं खोबरं, कुणी नुसतं लिंबू. कोणाचंही चूक नाही. फळ्यावर तक्ता करा, मुलांना बोलायला खूप आवडतं.

पालकांसाठी एक विनंती

डब्यात चिरलेली काकडी किंवा किसलेलं गाजर कोरडंच द्या. छोट्या डबीत मीठ-साखर घातलेलं दही आणि कागदाच्या पुडीत कूट द्या. उन्हाळ्यात दही आंबतं, तेव्हा दह्याऐवजी लिंबाची फोड द्या. मूल स्वतः कालवेल. स्वतःच्या हाताने कालवलेलं मूल सहसा टाकत नाही.

स्वाध्याय

1) कोशिंबिरीत मीठ शेवटी का घालावे?
2) गाजराच्या कोशिंबिरीला फोडणी का द्यावी?
3) आज घरी दोन वाट्यांचा प्रयोग करा आणि काय दिसले ते पाच ओळींत लिहा.

तुमच्या वर्गात हा पाठ नक्की घेऊन पाहा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबे पुन्हा एकदा बघा!