छापणाऱ्याचे नाव : परकीय प्रचार आणि मराठी वाचक

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात राष्ट्रीय धोरणाची साधने म्हणून राजनय, आर्थिक साधन, प्रचार आणि युद्ध ही चार नावे दिलेली असतात. विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेत क्रमाने लिहितात. पण प्रचार म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गोबेल्स आणि त्याची आरडाओरड उभी राहते. प्रचार म्हणजे असत्य आणि ते दूर कुठेतरी जर्मनीत घडले, अशी एक समजूत त्यातून तयार होते. माझ्या मते ही समजूत अपुरी आहे. परकीय राष्ट्रांचा प्रचार आपल्या जालन्यासारख्या गावात, मराठी भाषेतून आणि अतिशय सुबक रूपाने कित्येक वर्षे येत होता. त्याने आपले केवळ नुकसानच केले, असेही म्हणता येत नाही. मग त्याचे मोजमाप कसे करावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. तोपर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. बियाणांच्या व्यापारामुळे जगाशी संबंध होता, पण नवे पुस्तक पाहावयाचे तर औरंगाबाद किंवा पुणे गाठावे लागे. अशा गावात आमच्या घरी ‘सोव्हिएत लँड’ या नियतकालिकाची मराठी आवृत्ती टपालाने येत असे. वर्गणी नाममात्र होती. कागद जाड, गुळगुळीत, चित्रे रंगीत. अंक वाचून झाला की त्याची पाने आम्ही वह्या-पुस्तकांना कव्हर म्हणून घालीत असू, आणि इतिहासाच्या वहीवर ट्रॅक्टर, भूगोलाच्या वहीवर बर्फातला धरणाचा बांध, अशी आमची शाळा चाले. हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही; त्या पिढीतल्या महाराष्ट्रातल्या कोणत्याही गृहस्थास विचारावे.

त्याच सुमारास मॉस्कोच्या प्रगती, मीर आणि पुढे रादुगा या प्रकाशनगृहांची मराठी पुस्तकेही मिळत. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहाकडून ती येत. गॉर्की, चेखव, अर्कादी गैदार हे लेखक मराठी मुलांस त्यामुळेच परिचित झाले. अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांनी रशियनमधून थेट मराठीत आणलेली ही पुस्तके दोन-चार रुपयांत घरी येत. तेवढ्या किमतीत मराठी प्रकाशकास तसा कागदही परवडला नसता. फरक कोण भरून काढीत होते हे उघड आहे. सोव्हिएत सरकारचा पैसा त्यात होता, आणि तो परराष्ट्र धोरणाचा भाग होता.

मात्र एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. ‘सोव्हिएत लँड’ने आपले कूळ लपविले नाही. हे नियतकालिक भारतातील सोव्हिएत वकिलातीच्या माहिती विभागाचे आहे, हे वाचकास ठाऊक असे. त्यामुळे त्यातले काय घ्यावे आणि काय सोडावे, हे तो ठरवू शकत होता. सामूहिक शेतीवरचा लेख वाचून माझे वडील हसत आणि बुद्धिबळाचे पान जपून ठेवीत. खोटेपणा असलाच तर तो निवडीत होता. १९६८ साली चेकोस्लोव्हाकियात रणगाडे का शिरले, १९७० चे नोबेल मिळालेल्या सोल्झेनित्सिनला १९७४ मध्ये देशाबाहेर का घालविले, याचा सोव्हिएत बाजूहून निराळा असा शब्द त्या पानांत सापडणे शक्य नव्हते. जे छापले आहे ते तपासता येते. जे छापलेच नाही ते तपासण्यासाठी दुसरे पान हाताशी लागते.

लेखकांशी स्नेह जोडणे हा त्याच धोरणाचा दुसरा भाग. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियास जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक मराठीस मिळाले. नारायण सुर्वे आणि नामदेव ढसाळ यांना सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कार मिळाला. या कवींना पुरस्काराने विकत घेतले असे कोणी म्हणेल तर त्याने त्यांची कविता वाचलेली नाही. 

अमेरिकेचा मार्ग निराळा होता. पीएल ४८० कायद्याखाली १९५६ पासून गहू येऊ लागला. त्याची किंमत आपण रुपयांत भरीत होतो आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर येथेच साठत. त्यातून वकिलातीचा खर्च भागे, स्वस्त अमेरिकन पाठ्यपुस्तके निघत, आणि १९६२ पासून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी भारतीय भाषांतली पुस्तके खरेदी होत. म्हणजे आमच्या आजोबांनी खाल्लेल्या गव्हाच्या पैशातून मराठी कादंबऱ्या अमेरिकेतल्या विद्यापीठांत जाऊन बसल्या! यात वाईट काहीच नाही. पण १९६५-६६ च्या टंचाईत, व्हिएतनामवरील बाँबहल्ल्यांवर भारताने टीका केली म्हणून जॉन्सनसाहेब गव्हाची जहाजे महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सोडू लागले. पुस्तक आणि पोळी एकाच खात्यातून येत होती, हे तेव्हा उमगले.

याहून गंभीर प्रकरण ‘क्वेस्ट’चे होय. मुंबईहून १९५५ मध्ये निस्सीम इझिकेल यांच्या संपादकत्वाखाली निघालेले हे इंग्रजी नियतकालिक, पुढे अ. भि. शहा त्याच्याशी निगडित होते. दर्जा उत्तम, लेखक स्वतंत्र बुद्धीचे. ज्या ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आश्रयाने ते चाले, तिला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याकडून पैसा मिळत होता, हे १९६६-६७ मध्ये उघडकीस आले. लेखांतला एक शब्दही त्यामुळे बदलला नाही. तरीही वाचक दुखावले गेले, आणि ते स्वाभाविक होते. लेखातले मत लेखकाचेच असेल. पण ते मत आपल्यापर्यंत पोचावे असे कोणाला वाटले, हे कळण्याचा वाचकाचा हक्क त्यात बुडाला.

सोव्हिएत बाजूही या बाबतीत सोवळी नव्हती. मित्रोखिन याने नेलेल्या कागदांवर आधारलेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे म्हटले आहे की १९७२ या एका वर्षात भारतीय वृत्तपत्रांत साडेतीन हजारांवर लेख पेरल्याचा दावा के.जी.बी.ने केला होता. मी या आकड्यावर पूर्ण विश्वास ठेवीत नाही. हा आकडा हाताखालच्यांनी वरिष्ठांना कळविलेला आहे, आणि उद्दिष्टपूर्तीचे अहवाल कसे तयार होतात हे सरकारी कचेरी पाहिलेल्या माणसास सांगावे लागत नाही. पण निम्मे धरले तरी ते थोडे नाहीत. शिवाय छोट्या पत्रास लेख पेरून घेण्यासाठी लाच घ्यावीच लागते असे नाही. एक संपादक, एक जुळारी आणि भरावयाची आठ पाने, अशा साप्ताहिकास वकिलातींकडून तयार लेख आणि छायाचित्रे फुकट येत. मजकूर लागला की तो लागे, आणि खाली नाव राहिले तर राहिले.

आता ज्या प्रकारास मी सर्वात जास्त महत्त्व देतो त्याकडे वळतो. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर पेकिंग रेडिओचा आवाज आपल्या पूर्व भागात आकाशवाणीपेक्षा खणखणीत ऐकू येत असे. आपल्याजवळ तेवढा शक्तिमान प्रक्षेपक नव्हता. जुलै १९६३ मध्ये आकाशवाणी आणि ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ यांच्यात करार झाला. अमेरिकेने १,००० किलोवॅटचा प्रक्षेपक द्यावयाचा, तो कलकत्त्याजवळ उभारावयाचा, आणि त्या बदल्यात रोज तीन तास त्यावरून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चे कार्यक्रम आग्नेय आशियासाठी जावयाचे. सौदा व्यवहाराच्या दृष्टीने फायद्याचा होता. परंतु अलिप्ततेचे धोरण सांगणाऱ्या देशाच्या मनोऱ्यावरून एका गटाचा सरकारी आवाज जाणार, हे कळताच संसदेत आणि वृत्तपत्रांत गदारोळ झाला. नेहरूंनी माघार घेतली आणि करार अमलात आलाच नाही. पुढे १९६९ मध्ये कलकत्त्याजवळ मोगरा येथे तेवढ्याच शक्तीचा प्रक्षेपक उभा राहिला तो सोव्हिएत साहाय्याने. मात्र त्यावरून बोलायचे ते आकाशवाणीनेच.

काही विद्यार्थी विचारतात, यंत्र अमेरिकेचे काय आणि रशियाचे काय, दोन्ही परकेच ना? यंत्रापुरते ते बरोबर आहे. पण पहिल्या व्यवहारात वेळ विकली जात होती. श्रोता खुंटी फिरवून भारताचे केंद्र लावील आणि तेथे दुसराच बोलत असेल. परक्याचा पत्ता दिसत असला तर आपण सावध राहतो; परका आपल्याच घराच्या दारातून बोलू लागला तर सावध कशासाठी राहायचे, हेच कळत नाही.

सरकारी वृत्तसंस्थांच्या भागीदारीचा मोठा प्रयोग तर आपणच केला. जगाच्या बातम्या रॉयटर, ए.पी., यू.पी.आय. आणि ए.एफ.पी. या चार पाश्चात्त्य संस्थांच्या हातात होत्या. केनियातली बातमी जालन्यास लंडनमार्गे येई, आणि लंडनच्या चष्म्यातून येई. ही तक्रार खरी होती. जुलै १९७६ मध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली आणि वृत्तसंस्थांचा सामाईक साठा स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्षपद भारताकडे आले. परंतु साल पाहावे! आणीबाणी चालू होती. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पी.टी.आय., यू.एन.आय., हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती यांना एकत्र कोंबून ‘समाचार’ ही एकच संस्था केलेली होती. दिल्लीत बातम्यांच्या स्वातंत्र्यावर भाषणे चालली असता ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव तुरुंगात होते. आमच्या भागातल्या वाचकास त्या परिषदेचे मर्म समजावून सांगण्याची यापेक्षा अधिक गरज नव्हती. प्रत्येक सरकारने स्वतःबद्दल लिहिलेले दुसऱ्या सरकारने जसेच्या तसे पुढे पाठवायचे, यातून केनियाची बातमी सरळ येऊ लागली खरी. पण ती केनियाच्या मंत्रालयातून येऊ लागली. १९७८ मध्ये ‘समाचार’ पुन्हा मोडून चार संस्था वेगळ्या झाल्या.

आज प्रसार भारतीचे अनेक देशांच्या प्रसारण संस्थांशी करार आहेत आणि कार्यक्रमांची देवाणघेवाण चालते. बी.बी.सी.ची मराठी सेवा १९४२ मध्ये युद्धकाळात सुरू होऊन १९५८ मध्ये बंद पडली होती. ती ऑक्टोबर २०१७ पासून इंटरनेटवर पुन्हा आली, तेव्हा तिच्यामागे ब्रिटिश सरकारने दिलेला खास निधी होता. २०२४ पासून तिचा मजकूर बी.बी.सी.तूनच बाहेर पडलेल्या भारतीय पत्रकारांची ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ ही कंपनी तयार करते. परकीय भांडवलाच्या मर्यादेमुळे ही व्यवस्था करावी लागली. यात लपविलेले काही नाही. विचारले तर सर्व सापडते. मी द्वितीय वर्षाच्या मुलांना दर सत्रात भ्रमणध्वनीवर आलेली एकेक बातमी आणावयास सांगतो आणि ती मुळात कोणी लिहिली, कोणाच्या खर्चाने, हे शोधून वहीत लिहावयास लावतो. ‘सोव्हिएत लँड’चे नाव मुखपृष्ठावरच होते, त्यामुळे आमचे हे काम एका मिनिटाचे होते. या मुलांस दोन-दोन तास लागतात, आणि गेल्या सत्रात निम्म्या वह्यांत नावाची जागा कोरीच राहिली.